बादली आणि पंखा

२१ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नका. एप्रिलमध्ये आपलं शेवटचं बोलणं झालं तेव्हा तुम्ही मधेच फोन आपटलात आणि मीही पुन्हा लावला नाही. कागदाचं एक बरं असतं, समोरच्याला मधे तोंड घालता येत नाही. तेव्हा हे शेवटपर्यंत शांतपणे वाचा.

आज सकाळी परसातल्या नळाखालच्या बादलीत बर्फाचा पापुद्रा धरला होता. बोटाने टोचल्यावर मोडला, पण होता. बाबा गेले आणि आईचं घर मोडलं, तेव्हा आपण सगळ्यांनी बसून काय ठरवलं ते आठवत असेलच. इकडे बादलीवर पापुद्रा धरला की आई तुमच्याकडे, आणि तिकडे पंखा लागला की आई माझ्याकडे. दादानेच काढलेली युक्ती ती. तेव्हा तुम्ही त्याचं केवढं कौतुक केलं होतंत.

यंदा इकडे सगळं लवकरच आलंय. गल्लीतली झाडं बघता बघता पिवळी पडली आणि पाठोपाठ आलेल्या वाऱ्याने बोडकी झाली. सकाळी बाहेर पडलं की तोंडातून वाफ निघते. आईला खोकला सुरू झाला आहे. विचारलं तर म्हणते, "मी कुठे खोकले? शेजारचा खोकला असेल." या वयात छाती भरली तर निस्तरायचं कुणी?

शिवाय माझा हंगाम. उन्हाळाभर लोकांना कोटाची आठवण नसते. पहिली गार झुळूक आली की मात्र सगळे अस्तर बदलायला, बटणं लावायला, बाह्या आखूड करायला माझ्या दुकानात हजर. दुकानात मावत नाहीत म्हणून कोट घरी आणते, आणि घरात रिकामी जागा म्हणजे आईची खोली. पलंगावर कोट, खुर्चीवर कोट, दारामागच्या खिळ्याला कोट. काल बघते तर आई पलंगाच्या कडेला, परक्याकडे आल्यासारखी अंग चोरून बसली होती आणि मांडीवर कुणाचा तरी कोट घेऊन त्याचं अस्तर उसवत होती. मी म्हटलं, "आई, राहू दे, डोळे दुखतील तुझे." तर म्हणाली, "माझे डोळे दुखायचे तेवढे दुखून झाले. ही तुझी शिवण बघवत नाही." कपडे बेतण्यात तिचा जन्म गेला आणि मी तिच्याच हाताखाली शिकले, हे ती मला विसरू देणार नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिला गाडीत बसवून देते. जंक्शनवर गाडी बदलायची तिला सवय आहे. दादाला स्टेशनवर पाठवा.

तुमची नणंद


३० सप्टेंबर

वन्सं,

पत्र पोचलं. फोन मी आपटला नव्हता, तुमचे बंधुराज वायरीत पाय अडकून पडले होते. पण तुम्ही म्हणताय तर आपटला असेन.

बादलीचं वाचून मला हेवाच वाटला हो. इथे बादलीतलं पाणी दुपारी अंगावर घेतलं तर चटका बसतो. सप्टेंबर संपला तरी अंगाला चिकटलेला कपडा सुटत नाही. पानं पिवळी होणं वगैरे आम्ही कॅलेंडरवर बघतो, इथली झाडं बारा महिने हिरवी आणि बारा महिने घामेजलेली. पंखा दिवसरात्र गरगरतोय. आता ठराव काढलाच आहे तर पुरता काढा. "पंखा लागला की आई माझ्याकडे" हे तुमच्याच तोंडचं वाक्य. आमचा पंखा लागलेलाच आहे! म्हणजे बादलीच्या हिशेबाने आईंनी तिकडून निघायचं, आणि पंख्याच्या हिशेबाने त्याच दिवशी इकडून निघायचं. एवढा लांबलचक देश, एका टोकाला हिवाळा लागला तरी दुसऱ्या टोकाचा उन्हाळा हलत नाही. ठरवलं तेव्हा कुणी नकाशा बघितला होता?

थट्टा राहू दे. समुद्रात एकामागून एक वादळं उठतायत. मागच्या आठवड्यात पाणी पायऱ्या चढून घरात आलं. पलंग विटांवर चढवले, गाद्या माळ्यावर टाकल्या. मागची खोली, म्हणजे आईंची, तिथे घोट्याएवढं पाणी होतं. आता उतरलंय, पण भिंतींना ओल आहे आणि वास असा की आपल्या माणसाला तिथे झोपवायला जीव धजत नाही.

आणि थंडीचं मला शिकवू नका. बंदरावरच्या शीतगृहात मी दिवसभर मासळीची खोकी रचते. हातात दुहेरी मोजे, डोक्याला कानटोपी. आत पापण्यांवर हिम धरतं आणि बाहेर पडले की थेट भट्टीत. दमून घरी यावं तर आई नाकाला हात लावून म्हणतात, "तुझ्या अंगाला वास येतोय गं." येणारच. अत्तराच्या कारखान्यात थोडीच जाते मी!

आणखी एक. मागच्या खेपेला तुम्ही आईंचा कोट ठेवून घेतलात, का, तर "तिकडे लागत नाही". पण मधल्या जंक्शनवर त्यांना तासन्‌तास बसावं लागतं, तिथे लागतो की नाही याचा विचार केलात? कुडकुडत बसल्या होत्या. शेवटी तिथल्या वेटिंग रूमच्या बाईने स्वतःची शाल दिली. त्या बाईचे गोडवे आई अजून गातात, माझे कधी गायल्या नाहीत. इकडून जाताना छत्री मी ठेवून घेते हे कबूल, पण छत्रीवाचून कुणी गारठत नाही.

तेव्हा ऑक्टोबर संपेपर्यंत त्यांना पाठवू नका.

तुमची वहिनी


९ ऑक्टोबर

वहिनी,

ऑक्टोबर संपेपर्यंत म्हणजे इकडे बर्फ पडेपर्यंत. हे तुम्हालाही कळतं आणि मलाही.

तुमचं पत्र मी आईला दाखवलं नाही. पण तिला सगळं आधीच ठाऊक असतं. रोज संध्याकाळी बातम्या झाल्या की रेडिओवर सगळ्या देशाची हवा सांगतात, ती कान लावून ऐकते. आधी उत्तर, मग मधलं पठार, मग किनारा. ऐकून झालं की जेवताना ती आम्हाला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवते. "पठारावर आकाश निरभ्र, हवा कोरडी" हे असं म्हणते की वाटावं तिथे हिच्या नावावर जमीन आहे. परवा म्हणाली, "किनाऱ्यावरचं वादळ विरलं म्हणे." मी म्हटलं, "वहिनी तर अजून पाण्यात उभ्या आहेत." तर म्हणाली, "असेल बाई. रेडिओ घराघरात कुठे शिरतो?"

तुमच्या शीतगृहाचं वाचलं. कष्ट आहेतच, नाही कोण म्हणतंय. पण त्याला दार आहे, वहिनी. पाळी संपली की ते उघडतं आणि तुम्ही बाहेर पडता. इथल्या थंडीला दार नाही. सध्या आई स्वयंपाकघरात झोपते. शेगडीची ऊब असते म्हणून, दुसरं काही मनात आणू नका. रोज सकाळी माझ्या आधी उठून गादी गुंडाळून ठेवते आणि म्हणते, "तुझ्या कामात माझी अडगळ नको." असलं बोलणं ऐकून मला काय सुख होत असेल?

मला आई जड झालेली नाही. हे एकदा स्पष्ट लिहून टाकते, कारण तुमच्या पत्रात ते ओळीओळीतून डोकावतंय. जड झालंय ते एकटीने ओढणं. आमचे हे ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. तुमच्याकडे निदान घरात पुरुषमाणूस आहे.

सतरा तारखेचं तिकीट काढलं आहे. तुमच्या उत्तराची वाट बघत नाही. कोट इथेच राहील, मागे तिकडे त्याला बुरशी लागली होती. एकोणीसला सकाळी दादाला स्टेशनवर उभा करा.

तुमची नणंद


१४ ऑक्टोबर

वन्सं,

तिकीट ताबडतोब रद्द करा. समुद्र पुन्हा खवळलाय. रुळांवर पाणी आहे, गाड्या कुठे थांबतील याचा भरवसा नाही. मागच्या खोलीची ओल वाळलेली नाही. म्हाताऱ्या माणसाला ओल्या भिंतीशी झोपवू की माझ्या उशाशी?

घरात पुरुषमाणूस आहे म्हणता. आहे ना! धक्क्यावर क्रेन चालवतो. वर जाऊन बसला की त्याला खालचं काही ऐकू येत नाही, आणि खाली उतरला तरी तीच गत. तुमचं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही दोघी बघा काय ते." जन्मभर आम्ही दोघीच बघतोय.

आताच सांगून ठेवते, एकोणीसला इथून कुणीही स्टेशनवर येणार नाही. मग त्या बाकावर बसून राहिल्या तर बोल मला लावायचा नाही. आजवर तुम्ही माझा एक शब्द ऐकला नाहीत, एवढा तरी ऐका.

तुमची वहिनी


२७ नोव्हेंबर

वहिनी,

आपण होऊन लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण गरज पडली.

आईला पाठवून महिना उलटून गेला, पोचली म्हणून दोन ओळी नाहीत. तुमचं ते "तिकीट रद्द करा" माझ्या हाती पडलं तेव्हा आईची गाडी कधीच सुटली होती. म्हटलं, आता वहिनी रागावणार आणि तो राग पत्र न लिहून काढणार. बसू देत फुरंगटून. आईही गप्प. एरवी पोचल्या पोचल्या पोस्टकार्ड टाकते, तेही नाही. तुम्ही माझ्याबद्दल तिचे कान भरलेत हे कळायला फार अक्कल लागत नाही.

खोटं कशाला बोलू, इकडे मला जरा बरंही वाटलं. खोकला नाही, रेडिओ नाही, शिवणीला नावं ठेवणं नाही. तिच्या खोलीत कोट टांगायला आडवा बांबू लावून घेतला, हंगाम सुरळीत गेला. कधीकधी संध्याकाळी बातम्या संपल्या की मीच उठून रेडिओ लावायला जाते आणि मग आठवतं की ऐकायला कुणी नाही.

इकडे आता खरोखरीचं बर्फ आहे. गल्ली पांढरी, नळ बंद, बादली तळापर्यंत गोठून तिला चीर गेली. तुमच्याकडे अजून पंखाच असेल. आई बिचारी उन्हात शेकत असेल, सुखात असू दे.

लिहायचं कारण म्हणजे मोठी कात्री सापडत नाही. काळ्या मुठीची, जाड कापडाची. तिच्यावाचून माझं अडलंय, लहान कात्रीने कोटाचं कापड चावल्यासारखं कापलं जातं. आईनेच कुठेतरी नीट ठेवली असणार, आणि तिने नीट ठेवलेली वस्तू कुणाच्या बापाला सापडत नाही. तिला विचारा आणि उलट टपाली कळवा.

तुमची नणंद


३ डिसेंबर

वन्सं,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. आई इथे नाहीत. त्या आल्याच नाहीत.

एकोणीसला कुणी आलं नाही तेव्हा मला वाटलं, ऐकलं वन्संनी एकदाचं. तुमचं पत्र आलं नाही तेव्हा वाटलं, तिकीट रद्द करावं लागलं म्हणून फुगून बसल्यात. मीही ताठ्याने लिहिलं नाही. एवढे दिवस मी समजतेय आई तुमच्याकडे, आणि तुम्ही मला कात्री विचारताय!

फोन लावून लावून बोटं दुखली. बर्फाने तुमच्या तिकडच्या तारा पडल्यात म्हणे, म्हणून हे पत्र जलद टपालाने टाकतेय.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. मग म्हणतात, "आईचा फोन आला होता." कधी? तर ऑक्टोबरात, एका संध्याकाळी. मी दुसऱ्या पाळीला होते. आईंनी विचारलं, "येऊ ना रे?" आणि हे म्हणाले, "आता नको, आई. पाऊस फार आहे, मागच्या खोलीत पाणी आहे. थोडे दिवस आहेस तिथेच थांब." आहेस तिथेच! यांना वाटलं, तुमच्याकडूनच बोलतायत. कुठून बोलतेस हे विचारायचं सुचलं नाही. मला का नाही सांगितलंत, तर म्हणे, "त्यात सांगण्यासारखं काय होतं?" मी तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत राहिले. रागाने उलट बोलले असते तर बरं झालं असतं.

पण वन्सं, तुम्हीसुद्धा! वयस्कर बाईला एकटीला गाडीत बसवून द्यायचं आणि पोचली का हे विचारायचंही नाही? मी विचारलं नाही, कारण मला वाटत होतं त्या तुमच्या घरात आहेत. तुम्ही काय समजून बसला होतात?

हे इथल्या स्टेशनवर चौकशीला गेलेत. तुम्ही तिकडून करा. त्या सुखरूप असू देत, मग आपण हवं तेवढं भांडू.

वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

सापडली. जंक्शनवर आहे. पत्र मिळाल्या मिळाल्या मी बर्फातून चालत स्टेशनवर गेले. रेल्वेचा स्वतःचा फोन चालू होता, त्यांनी मार्गावरच्या सगळ्या स्टेशनांना विचारलं. जंक्शनच्या स्टेशनमास्तराने कळवलं की वेटिंग रूमच्या बाईबरोबर तिच्या खोलीत राहते आणि खुशाल आहे. मी तिथल्या तिथे, चार माणसांसमोर मोठ्याने रडले.

तुम्ही विचारलंत, मी काय समजून बसले होते. तुम्ही जे समजून बसला होतात तेच. यापुढे हा विषय आपण दोघींनी काढू नये, दोघींनाही झेपणार नाही.

आता तिला आणायचं कसं? इथून निघणं सध्या अशक्य आहे. गाड्या अडकून पडतायत, आमचे हे दोन दिवस घाटात बर्फात होते. तुमच्याकडे सगळं मोकळं आहे. शिवाय तिचं तिकीट तुमच्याकडचं होतं आणि बादली तर केव्हाची गोठलीय, म्हणजे ठरल्याप्रमाणे ती आता तुमच्याकडचीच. दादाला पाठवा. मी तिला वेगळं पत्र टाकलं आहे, तुम्हीही टाका.

तुमची नणंद


१९ डिसेंबर

चि. लेकीस आणि सूनबाईस,

मधे कार्बन घालून लिहितेय, म्हणजे दोघींना तेच आणि तेवढंच. वरची प्रत कुणाला आणि खालची कुणाला, यावरून वाद नकोत. पाकिटात घालताना मीही बघणार नाही.

तुमची दोघींची पत्रं एकाच दिवशी आली, एक उत्तरेच्या गाडीने, एक किनाऱ्याच्या. स्टेशनमास्तर स्वतः हातात घेऊन आला, त्याला फार आनंद झाला होता. लेक लिहिते, "बर्फ जरा कमी झालं की लगेच न्यायला येते." सूनबाई लिहिते, "इथली हवा जरा सुधारली की यांना लगेच पाठवते." मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. अक्षर वेगळं नसतं तर कुठलं कुणाचं ते मला सांगता आलं नसतं.

काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला तर्क करत बसायला नको. मी इथे उतरले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. बाईने मला ओळखलं आणि न मागता शाल पुढे केली. पुढच्या गाडीला वेळ होता. तिच्या रेडिओवर हवा लागली. किनाऱ्यावर आकाश स्वच्छ, गाड्या वेळेवर. मला बरं वाटलं. म्हटलं, लेकाला, बापूला सांगावं की येतेय, म्हणजे सकाळी घाई नको. समोरच्या बूथमधून फोन केला. तो म्हणाला, पाऊस फार आहे. त्याच्या मागून माझी नात ओरडत होती, "बाबा, माझ्या नव्या खोलीला हा गडद निळा रंग नको, फिका आणा." मग तो म्हणाला, मागच्या खोलीत पाणी आहे, आहेस तिथेच थांब.

मी "बरं" म्हटलं आणि थांबले. मुलाने सांगितलं ते ऐकलं, यापलीकडे मी काही केलेलं नाही. सूनबाई, त्याला फार बोलू नकोस. त्याला खोटं बोलता येत नाही, ते कुणीतरी पाठ करवून घ्यावं लागतं.

उत्तरेला का परतले नाही, असं लेकीच्या मनात येईल. अगं, बादलीवर पापुद्रा धरला म्हणालीस, त्या सकाळी तुझ्या आधी उठून बादलीत मीच हात बुडवून तोंड धुतलं होतं. पाणी गार होतं. पापुद्रा नव्हता. तुला कोटांना जागा हवी होती तर तसं म्हणायचं होतंस. शिवणाऱ्या बाईला हंगामात जागा लागते, हे मला नाही कळणार तर कुणाला? मी आणखी सरकून बसले असते.

सुरुवातीला वाटलं, दोन-चार दिवसांत कुणीतरी विचारेल. एकीने पाठवलंय, दुसरीकडे पोचले नाही, एवढं तर लपत नाही. बाई रोज म्हणायची, "आजी, तुम्हीच कळवा ना." मी म्हणायचे, "बघू तर आधी कोण विचारतंय." माझी खोड म्हणा हवं तर. पहिल्यांदा मी खिडकीकडे तोंड करून बसायचे, म्हणजे फलाट दिसतो. पुढे पाठ करून बसायला लागले. शिवायला तसाच उजेड बरा पडतो.

रागावले आहे का, असं दोघींनी विचारलंय. रागावले आहे. चांगली रागावले आहे, आणि इतक्यात उतरेल असं वाटत नाही. तुम्ही दोघी वाईट नाही आहात. वाईट असतात तर मी तेव्हाच दोघींना चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तुम्ही मला जेवायला घातलंत, औषध दिलंत, गाडीत खिडकीपाशी बसवलंत. पण मी निघून गेल्यावर दोघींनाही बरं वाटलं, आणि दोघींनी ते बरं वाटणं मोडू नये म्हणून पत्र टाकलं नाही. फुगून बसल्याचं मला सांगू नका.

इथलं म्हणाल तर बाईच्या गणवेशाची बाही उसवली होती, ती आधी शिवून दिली. मग तिकीट तपासणाऱ्याची पँट आली, मग हमालांचे सदरे. आता सगळ्या स्टेशनचे कपडे माझ्याकडे येतात. माप घेताना सगळे ताठ उभे राहतात, मोठ्या साहेबासमोर राहत नसतील एवढे. बाई पुढच्या महिन्यात नोकरी सोडून मुलाकडे राहायला जातेय. तिने वर्षभराची स्वप्नं रंगवली आहेत, मी काही बोलले नाही. खोली मला देणार आहेत. लहान आहे, पण तिच्यात दुसऱ्या कुणाचं काही ठेवलेलं नाही.

कात्रीचं लेकीने पत्राच्या शेवटी विचारलंय. कात्री माझ्याजवळ आहे. निघताना मी पिशवीत घातली. ती माझीच होती, तुला शिकत होतीस म्हणून वापरायला दिली होती. कोट पाठवू नकोस. सूनबाई, तूही छत्री पाठवू नकोस. या हवेत दोन्ही लागत नाही, आणि शाल मी माझी मला घेतली आहे.

परवा संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, उत्तरेत बर्फ थांबलं, मार्ग मोकळे झाले. किनाऱ्यावर लख्ख ऊन. पठारावर निरभ्र, ते नेहमीचंच. सगळ्या देशात एकाच दिवशी हवा चांगली, असं मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकलं. काल सकाळी मी केस नीट विंचरले, धुतलेले कपडे घातले आणि फलाटावर जाऊन उभी राहिले. आधी उत्तरेची गाडी आली, मग किनाऱ्याची. माणसं उतरली, माणसं चढली. दोन्ही गाड्या गेल्यावर मी आत आले. एक सदरा अर्धा राहिला होता, तो पुरा केला.

पत्र टाकत जा. नातीच्या खोलीला शेवटी कुठला रंग दिला, कोटांचा हंगाम कसा गेला, बापू जेवतो का नीट, काय वाटेल ते लिहा. हवेचं मात्र लिहू नका. ती मी रेडिओवर ऐकते.

आई